व्याजोपंत

इंग्लंडात जिथे म्हणून दहा-बारा मराठी घरं जमली आहेत, तिथे ढोल-ताशाचं पथक असेलच असं नाही, ऑर्डरीवर पुरणपोळ्या करून देणाऱ्या वहिनी असतीलच असंही नाही. पण एक व्याजोपंत हमखास असतो. स्लाऊ, हॅरो, रेडिंग, मिल्टन कीन्स, कुठेही जा. गणपतीची आरती संपून प्रसादाची वाटी हातात पडेपर्यंत तो दम धरतो. मग नुकत्याच आलेल्या एखाद्या आयटीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारतो, ‘‘काय रे, आयसा उघडलीस का?’’

पोराला आधी वाटतं, काका व्हिसाबद्दल विचारतायत. तो घाईघाईनं ‘‘हो, पाच वर्षांचा आहे’’ असं सांगतो. व्याजोपंताचा चेहरा खुलतो. ‘‘पाच वर्षांची फिक्स? किती टक्क्यांनी?’’

आयसा हे इथलं करमुक्त बचत खातं. वर्षाला २०,००० पौंडांपर्यंत पैसे टाकावेत, त्याच्या व्याजावर सरकार एक पेनी मागत नाही. गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना, ६ एप्रिल १९९९ रोजी हे सुरू झालं. तेव्हा नुसत्या रोख बचतीची मर्यादा ३,००० पौंड होती. ‘‘माझी पहिली आयसा तीन हजारांची,’’ हे वाक्य व्याजोपंत अशा सुरात टाकतो, की समोरच्यानं उठून त्याला खुर्ची द्यावी.

हे वेड त्यानं विलायतेत येऊन लावून घेतलेलं नाही, ते घराण्यात आहे. वडील डोंबिवलीहून फास्ट लोकलनं ऑफिसला जाताना पीपीएफचा चेक खिशात घेऊन निघत, कारण पाच तारखेच्या आत पैसे जमा झाले नाहीत तर त्या महिन्याचं व्याज गेलं. आणि पूर्ण वर्षाचं व्याज हवं असेल तर वर्षाची रक्कम ५ एप्रिलच्या आत. मुलगा साता समुद्रापार आला, तर इथलं करवर्ष संपतं तेही ५ एप्रिललाच! तिकडे जी तारीख गाठून वर्षाचा मुहूर्त करायचा, तीच इकडे गाठून वर्षाचा शेवट करायचा. यात व्याजोपंताला नियतीचा हात दिसतो. या तारखेचं मूळही त्याला पाठ आहे. इंग्रजांनी १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं, त्यात अकरा दिवस गाळावे लागले; पण करवसुलीचं वर्ष अकरा दिवसांनी आखूड करायला सरकार तयार होईना. म्हणून २५ मार्चला फिरणारं वर्ष सरकत सरकत एप्रिलमध्ये आलं. ‘‘दिवस गेले तरी चालतील, महसूल बुडता कामा नये,’’ तो कौतुकानं म्हणतो. ‘‘आपलीच माणसं रे ही.’’

खरी मजा आयसा निवडण्यात. निवडली की मजा संपते, म्हणून व्याजोपंत निवडत राहतो. त्याची एक एक्सेल शीट आहे. तीत ईझी ॲक्सेस वेगळे, फिक्स वेगळे. बारा महिन्यांचा बोनस लावून दर फुगवलेली खाती लाल रंगात, कारण बोनस संपला की दर जमिनीवर येतो आणि बँक त्याचा गाजावाजा करत नाही. फिक्स मुदतीआधी मोडली तर ९० दिवसांचं व्याज कापतात की १८०, याचा वेगळा रकाना. काढलेले पैसे त्याच वर्षात परत भरता येतात का, याचा वेगळा. आणि ४.५० टक्के व ४.५५ टक्के यांतला निर्णय करायला त्याला एक अख्खा शनिवार लागतो. २० हजारांवर हा फरक वर्षाला दहा पौंडांचा. शनिवारभर घरात हीटिंग चालू असतं, त्याचा रकाना शीटमध्ये नाही.

गावोगावच्या छोट्या बिल्डिंग सोसायट्यांवर त्याचा विशेष जीव. त्यातल्या काही अजून पासबुक देतात. यॉर्कशरमधल्या एका सोसायटीचं खातं शाखेत जाऊनच उघडावं लागतं असं कळल्यावर तो पहाटेच्या गाडीनं निघाला. तिकिटात वर्षभराचा जादा नफा खलास झाला, हे त्यालाही ठाऊक होतं. पण काउंटरवरच्या बाईंनी पासबुकात नोंद करून ते त्याच्या हातात दिलं, तेव्हा त्याला पोस्टातली वडिलांची रांग आठवली असणार. असा माझा तर्क. तो स्वतः फक्त ‘‘दर चांगला होता’’ एवढंच बोलतो.

एकदा एका भोचक मुलानं त्याला गाठलं. म्हणाला, ‘‘काका, २० टक्के कर भरणाऱ्याला २०१६ पासून वर्षाला १,००० पौंड व्याज तसंही माफ आहे. साडेचार टक्क्यांनी २० हजारांचे होतात ९०० पौंड. म्हणजे कर शून्य. मग आयसा कशाला? साध्या खात्याचा दर उलट जास्त मिळतो.’’ सगळे गप्प. व्याजोपंतानं शांतपणे बाकरवडी संपवली. ‘‘आज शून्य. उद्या पगार वाढून तू ४० टक्क्यांत गेलास की माफी निम्मी, ५०० पौंडांची. पैसे तोवर दुप्पट झालेले. तेव्हा मागच्या सगळ्या वर्षांच्या मर्यादा परत मागायला कुणाकडे जाणार? ५ एप्रिलची मध्यरात्र उलटली की त्या वर्षाची मर्यादा मेली.’’ मला विचाराल तर याबाबतीत त्याचं म्हणणं बरोबर आहे. त्याचं गणित कधीच चुकत नाही. त्या गणितात आयुष्य कुठल्या रकान्यात येतं एवढंच कळत नाही.

‘‘एनआरई एफडीचं व्याज टॅक्स-फ्री असतं, मी सगळे पैसे तिकडेच ठेवतो,’’ असं कुणी म्हणालं, की मात्र त्याला अंगात आल्यासारखं होतं. भारतात माफ, पण इथे राहणाऱ्याला ते इथल्या करखात्याला सांगावं लागतं. वडिलांच्या आग्रहानं चालू ठेवलेल्या पीपीएफचंही तेच. आणि उलटही तितकंच खरं. परत जाऊन भारताचे पक्के रहिवासी झालात की आयसाच्या व्याजाला तिकडे कर लागतो. हे ऐकून पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवलेल्या दोन कुटुंबांचं जेवण गेलं होतं.

मार्चअखेर त्याचा फोन थांबत नाही. वर्षभर त्याला टाळणारेच तेव्हा ‘काका, जरा वेळ आहे का?’ म्हणून विचारतात. त्याचा पहिला हुकूम ठरलेला: ‘‘जुन्या आयसातले पैसे हातानं काढू नकोस!’’ काढून नव्या बँकेत भरले, की ते या वर्षीच्या मर्यादेत मोजले जातात आणि जुनं संरक्षण जातं. नव्या बँकेचा ट्रान्स्फर फॉर्म भरायचा, तिनं जुनीकडून ओढून घ्यायचे. दुसरा हुकूम, एका बँकेत ठेवींना असलेल्या हमीच्या वर पैसे ठेवायचे नाहीत. २००८ साली आइसलँडची बँक बुडून तिच्या आइससेव्ह खात्यांतले बचतदार हवालदिल झाले, ते तो विसरलेला नाही. हमी आता डिसेंबर २०२५ पासून ८५ हजारांची १,२०,००० पौंड झाली, तरी हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड यांना मिळून एकच हमी, हे तो लग्नाच्या पंगतीतही सांगतो.

त्याची बायको या सगळ्यापासून लांब. बँक ऑफ इंग्लंडचा दर २०२३ च्या शरदात ५.२५ टक्के होता. व्याजोपंत तो सहावर जाईल म्हणून थांबला. काकूंनी भाजी आणायला जाता जाता समोर दिसली ती पाच वर्षांची फिक्स घेऊन टाकली. दर पुढे उतरत गेले. त्या शीटमध्ये काकूंचं खातं सगळ्यात वर आहे आणि ती ओळ त्यानं हाइड करून ठेवली आहे.

पण जोडीदार गेल्यावर त्याच्या आयसाएवढी जादा मर्यादा मागे राहिलेल्याला मिळते, हा नियम वाचून तो इथल्या करखात्यावर जाम खूश झाला होता. ऐन वरणभाताच्या वेळी त्यानं तो वाचून दाखवला. ‘‘म्हणजे मी गेलो तर तुझं नुकसान नाही.’’ काकूंनी तूप वाढलं आणि म्हणाल्या, ‘‘अहो, जेवा.’’

आता मात्र त्याला खरा घोर लागला आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात रेचल रीव्हज यांनी जाहीर केलं, की एप्रिल २०२७ पासून रोख आयसाची मर्यादा २० हजारांवरून १२ हजार. फक्त पासष्ट आणि त्यावरच्यांना पूर्वीसारखी २० हजार. जन्मभर वय दोन वर्षांनी कमी सांगणारा, दर महिन्याला केस काळे करणारा व्याजोपंत रातोरात पासष्टीकडे डोळे लावून बसला. मंडळातल्या सत्तरीच्या आजोबांकडे तो आता हेव्यानं पाहतो. स्वतःचा हिशेब त्यानं लावला. तीन वर्षं कमी पडतात. मग काकूंचा लावला. त्या त्याच्याहून सहा वर्षांनी लहान.

‘‘छत्तीस गुण जुळवून पाहिले तेव्हा,’’ तो हताशपणे म्हणाला, ‘‘पण हे एकानंही पाहिलं नाही.’’

‘‘तुमच्या आत्यांनी एक मोठी मुलगी सुचवली होती ना,’’ काकू म्हणाल्या. ‘‘तिला करून घ्यायचं होतं.’’

व्याजोपंत यावर काही क्षण खरोखर विचार करत होता.