आवरायला जागा लागते

जुना कॉम्प्युटर मंदावला की घरातले आधी त्याचं वय काढतात. ‘आता याच्याकडून काय होणार?’ असं त्याच्या तोंडावर बोललं जातं. वास्तविक डोकं शाबूत असतं, दमछाक होते ती हार्ड डिस्कची. तिच्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावरून आत-बाहेर धावतं. फाइल सलग असली तर काम एका दमात उरकतं. पण आपण वर्षानुवर्षं भरत, पुसत, पुन्हा भरत राहतो. मग नव्या फाइलीचे तुकडे सापडेल त्या फटीत कोंबले जातात. एकेका तुकड्यामागे दहा-बारा मिलिसेकंदांची खेप! बारशाचा व्हिडिओ उघडेपर्यंत बाळ शाळेत जाईल की काय, असं वाटू लागतं.

यावरचा उपाय म्हणजे हे तुकडे पुन्हा सलग लावणारा डीफ्रॅग. विंडोज ९८मध्ये तो चालू केला की पडद्यावरचे रंगीत चौकोन एकेक करून ओळीत बसायचे. माणसं चहा गार होईपर्यंत ते बघत बसत. मध्येच एखाद्या प्रोग्रामनं डिस्कवर चार अक्षरं लिहिली की सगळं पहिल्यापासून सुरू. तरी कुणी चिडत नसे. कारण उघड आहे. यात काहीही टाकून द्यायचं नसतं. एक चिंधी न फेकता माळा लखलखीत, हे आपल्या घराघरांतलं स्वप्न तिथं साकार होत होतं.

मात्र विंडोज एक्सपीचा डीफ्रॅग अट घालायचा : आधी निदान १५ टक्के जागा मोकळी करा. तुकडे उचलून ठेवायला जागा नको? म्हणजे पुन्हा निवडानिवड आलीच. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवायची, मग कचरापेटी रिकामी करायची, टेम्पररी फाइली पुसायच्या, भंगारात गेलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर काढायचं. ‘न्यू फोल्डर’मधल्या ‘न्यू फोल्डर’मध्ये काय आहे, हे धीर करून बघायचं. एवढं झालं की डीफ्रॅगला अर्थ.

आता हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे डीफ्रॅग करणं म्हणजे तिची फुकट झीज. पण गळ्यापर्यंत भरली तर तीही कुरकुरतेच. तंत्र बदललं, अट तीच. आवरण्याची हौस आपल्याला भरपूर. पुसायचं म्हटलं की मात्र आपण नव्या, मोठ्या डिस्कची किंमत विचारायला निघतो.