नोटेमागचं मंगळयान

दिवाळीच्या आवराआवरीत आईच्या शालूच्या घडीतून दोन हजारांची एक नोट निघाली. किरमिजी रंग, मधोमध कडक घडी, डांबराच्या गोळीचा वास. आईनं ती उजेडाला धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "अडीअडचणीला ठेवली होती."

"मध्ये दोन-चारदा अडचण आली होती की!"

"आली होती. पण तेव्हा सापडली नाही."

मी नोट उलटी केली. मागं मंगळयान. एका अंगाला सौरपट्ट्यांचा पंख, दुसरीकडं ताटलीसारखी अँटेना. मला एकदम 2016चा नोव्हेंबर आठवला. या नोटेत चिप आहे, जमिनीत खोल पुरली तरी ती उपग्रहाला आपला ठावठिकाणा कळवते, असं आमच्या सोसायटीतले शहाणेसुरते लोक लिफ्टमध्ये आवाज खाली करून सांगत होते. चिप वगैरे काही नव्हतं. झालं ते असं, की 2022मध्ये नोटेवरच्या यानाशीच आपला संपर्क तुटला आणि 2023च्या मे महिन्यात नोटही चलनातून काढून घेतली गेली. शालूला मात्र यातलं काही कळलं नव्हतं.

"यान गेलं, नोटही गेली," मी म्हणालो.

"यान पडलं का?"

"पडलं नाही. संपर्क तुटला."

"मग आहे कुठं?"

"तिथंच. मंगळाभोवती फिरतंय."

"मग गेलं काय म्हणतोस!" असं म्हणून आई पुढच्या कप्प्याकडं वळली. मी मात्र नोट हातात धरून तिथंच बसलो.

खरं तर या यानाबद्दल तक्रार करायला तोंड नाही. 5 नोव्हेंबर 2013ला श्रीहरिकोट्याहून निघालं, 24 सप्टेंबर 2014ला मंगळाच्या कक्षेत शिरलं. खर्च सुमारे 450 कोटी. बोली होती सहा महिन्यांची. सहा महिन्यांच्या बोलीवर गेलेला हा पाहुणा तिथं साडेसात वर्षं राहिला, आणि कुणी भुवई उंचावली नाही. कक्षा अशी लांबोडकी, की सुरुवातीला एका टोकाला मंगळापासून जेमतेम 420 किलोमीटर, तर दुसऱ्या टोकाला 77 हजार. एका फेरीला तीन दिवस. जवळून जाताना वाऱ्यासारखं निघून जायचं आणि लांब गेलं की रेंगाळायचं. परदेशात नोकरीला गेलेल्या मुलांचंही साधारण असंच असतं. पण या लांब जाण्याचा एक फायदा होता. मंगळाचा अख्खा गोळा एका फोटोत मावायचा.

घात केला तो ग्रहणानं. मंगळाच्या सावलीत शिरलं की पट्ट्यांना ऊन नाही, सगळी भिस्त बॅटरीवर. ही बॅटरी एक तास चाळीस मिनिटांच्या अंधारासाठी बनवलेली. 2017च्या जानेवारीत मोठी ग्रहणं दिसू लागली, तेव्हा इस्रोनं इंधन जाळून कक्षाच थोडी सरकवली आणि यान वाचवलं. पण 2022च्या एप्रिलमध्ये ग्रहणांमागून ग्रहणं आली, त्यातलं एक साडेसात तासांचं. कक्षा सरकवायला या खेपेला इंधन उरलेलं नसावं. आपल्याकडं शनीची साडेसाती साडेसात वर्षांची असते, तीतून माणसं कशीबशी पार पडतात. मंगळाची साडेसात तासांत आटोपली. ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन सोसलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढं काय झालं असेल याचा अंदाज इस्रोनं ऑक्टोबरात दिला. इंधन संपलं असावं, त्यामुळं यानाला उन्हाकडं तोंड करून राहता आलं नाही. उन्हाकडं तोंड नाही तर वीज नाही, आणि वीज नाही तर बेंगळुरूजवळच्या ब्यालालूच्या 32 मीटरच्या अँटेनाला उत्तर द्यायचं कशानं? यान परत मिळणार नाही, असं जाहीर झालं.

पण एक गंमत बघा. यातली एकही गोष्ट फिरण्याच्या आड येत नाही. फिरायला वीज लागत नाही, इंधन लागत नाही, ब्यालालूची परवानगीही लागत नाही. मंगळ ओढतो आणि यान त्याच्या बाजूनं पडत राहतं, तेवढं पुरतं. संपर्क तुटला हे आपलं दुःख. त्याच्या दिनक्रमात फरक इतकाच, की आता कुणी हटकत नाही.

आपल्या हाती एक दाखलाही आहे. चांद्रयान-1शी 29 ऑगस्ट 2009ला संपर्क तुटला. सगळ्यांनी हात जोडले. मग 2016मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी गोल्डस्टोनच्या 70 मीटरच्या अँटेनातून चंद्राकडं रेडिओलहरी सोडल्या, ग्रीन बँकच्या दुर्बिणीनं परत आलेला प्रतिध्वनी ऐकला, आणि चंद्रापासून 200 किलोमीटरवर दीड मीटरचा एक ठोकळा आपल्या वाटेनं मुकाट फिरताना सापडला. सात वर्षांत त्यानं कुणाची वाट पाहिली नव्हती. मंगळ मात्र इतका लांब, की तिथं अशी हाक मारून प्रतिध्वनी ऐकायची सोय नाही.

कधीतरी ही यानं खाली येतातच. मंगळाची हवा विरळ असली तरी जवळून जाणाऱ्याला दरवेळी थोडं थोडं घासते. दुसऱ्या ग्रहाभोवती फिरलेलं पहिलं यान मरिनर 9. 1972च्या ऑक्टोबरात ते बंद पडलं, आणि 2022च्या सुमारास मंगळावर कोसळेल असा तेव्हाचा हिशेब होता. कोसळलं की नाही हे पाहायला कुणी उभं नव्हतं. घाईनं खाली आलेलं मात्र चालत नाही. मंगळावर जीवसृष्टी शोधायची तर आपले जंतू तिथं आधी पोचू नयेत, म्हणून पुरतं निर्जंतुक न केलेलं यान निदान 50 वर्षं तरी खाली पडण्याची शक्यता अगदी कमी असावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. थोडक्यात, मंगळ सोवळ्यात आहे आणि प्रवासातून आलेल्यांनी ओसरीवरच थांबायचं.

आईची नोटही अशीच ओसरीवर. दुकानदार घेत नाही, बँकेची शाखा घेत नाही, पण रिझर्व्ह बँक म्हणते, नोट अजून वैध आहे, आमच्या मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या कार्यालयात या. आईनं ती परत शालूत ठेवायला सांगितली.

ठेवता ठेवता मला 2014ची एक गोष्ट आठवली. यान मंगळापाशी पोचलं त्या दिवशी नासाच्या क्युरिऑसिटी गाडीच्या ट्विटर खात्यावरून त्याला नमस्ते आलं होतं. मंगळयानाच्या खात्यानं उत्तर दिलं होतं, 'संपर्कात राहा. मी आहेच इथं.' यातलं पहिलं जमलं नाही. दुसरा शब्द यानानं अजून मोडलेला नाही.