फॉरमॅट मारण्याआधी

कॉम्प्युटर हळू चालतोय? फॉरमॅट मारा. प्रिंटर ऐकत नाही? फॉरमॅट मारा. आवाज येत नाही? आधी वायर बघा, ती लावलेली असेल तर फॉरमॅट मारा. घरी कॉम्प्युटर बघायला येणाऱ्या माणसाकडे हा एकच इलाज असतो आणि तो करण्याआधी तो एकच प्रश्न विचारतो, "डेटा डीला आहे ना?" आपण "हो" म्हणायचं. सी ड्राइव्ह धोक्याचा आणि डी ड्राइव्ह सुरक्षित, ही श्रद्धा घरोघरी आहे. बहुतेक घरांत दोन्ही एकाच डिस्कचे तुकडे असतात, डिस्क गेली तर दोघं जोडीनं जातील, असं कोणी म्हणालं की लोक त्याच्याकडे अभद्र बोलणारा म्हणून बघतात. आमच्या सोसायटीत तो मान माझ्याकडे आहे.

शेजारच्या काकांकडे असाच एक जण येऊन गेला. यंत्र नव्यासारखं केलं, चहा घेतला, पैसे घेतले आणि गेला. फोटो जागेवर होते, हिशेब जागेवर होते, नातवाच्या बारशाचा व्हिडिओसुद्धा होता. तरी संध्याकाळी काका माझ्या दारात उभे. म्हणाले, "हा आमचा कॉम्प्युटर नाही."

जाऊन पाहिलं तर त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. काकू डावखुऱ्या. त्यांच्यासाठी माऊसची बटणं उलटी करून दिलेली होती, ती सुलटी झाली होती, त्यामुळे पत्त्यांच्या खेळात त्या पत्ता उचलायला जात आणि भलताच मेनू उघडे. काकांना चष्म्याशिवाय दिसावीत म्हणून वाढवलेली अक्षरं मुंगीएवढी झाली होती. मराठी कीबोर्ड गायब. तारखा अमेरिकन पद्धतीनं, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. पाच जून हा सहा मे होऊन बसला आणि बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ठेवीची मुदत आधीच संपल्यासारखी दिसू लागली. सगळ्यात मोठा घाला सोसायटीच्या इतिवृत्तांवर पडला. ती युनिकोडच्या आधीच्या एका मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. फाइली डीला सुखरूप, फॉन्ट मात्र सीमध्ये, विंडोजच्या फोल्डरात. तो पुसला गेल्यावर 'सर्वानुमते मंजूर'च्या जागी टोपीवाली, ठिपकेवाली, शेपटीवाली रोमन अक्षरं उमटली. सेक्रेटरींनी ती वाचून पाहिली आणि म्हणाले, सभेत झालं होतं ते साधारण असंच होतं.

डेटा म्हणजे फाइली, एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. यंत्राला आपण वर्षानुवर्षं लावलेलं वळण हाही डेटाच, पण त्याची प्रत काढायचं कोणाच्या मनातही येत नाही.

हे वळण विंडोज कुठे लिहून ठेवतं? पूर्वी 'विन.आयएनआय', 'सिस्टिम.आयएनआय' अशा साध्या मजकुराच्या फाइली असत. नोटपॅडमध्ये उघडा, वाचा, फ्लॉपीवर प्रत काढा, झालं. 1995 साली विंडोज 95 आलं आणि या किरकोळ चिठ्ठ्यांचा कारभार रजिस्ट्री नावाच्या एका मोठ्या दप्तरात गेला. रजिस्ट्री म्हणजे कॉम्प्युटरचा सातबारा. कोणता प्रोग्राम कुठे राहतो, कोणती फाइल कोणाच्या नावावर उघडते, सगळ्या नोंदी तिथे. आणि सातबाऱ्याची खोडही तीच, म्हणजे मयताची नावं निघत नाहीत. प्रोग्राम काढून टाकला तरी त्याच्या नावाच्या चार ओळी मागे राहतात आणि पुढे कधी तरी हरकत घ्यायला उभ्या राहतात.

प्रत ठेवण्याच्या बाबतीत विंडोज 98 मात्र शहाणं होतं. रोज पहिल्यांदा नीट सुरू झालं की रजिस्ट्रीची एक प्रत गुपचूप बाजूला काढायचं आणि शेवटच्या पाच प्रती ठेवायचं. यंत्र अडलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर 'स्कॅनरेग' लिहून तिरपी रेघ आणि 'रिस्टोअर' टाइप करायचं. तारखांची यादी यायची. त्यातली एक निवडायची आणि गुमान पुन्हा सुरू करायचं. त्या काळी हे येणाऱ्या मुलाला सोसायटीत लग्नाची स्थळं येत.

2000 साली विंडोज एमई आलं. त्याच्याबद्दल लोक जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही, पण सिस्टिम रिस्टोअर ही सोय त्याच्याबरोबर आली हे नाकारता येत नाही. यंत्राला आधीच्या एखाद्या दिवसावर नेऊन सोडायचं. त्यानंतर घातलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर जातात, रजिस्ट्री जुनी होते, आपल्या फाइलींना हात लागत नाही. पुढच्या वेळेसाठी म्हणून काकांना मी हे समजावलं. म्हणालो, "आपण यंत्र मागच्या मंगळवारी नेऊ शकतो." काका विचारात पडले. "मागच्या बुधवारी लाइट बिल भरलंय. ते परत भरावं लागेल का?" नाही म्हणाल्यावर त्यांना हायसं वाटलं, पण विश्वास बसला असं काही दिसलं नाही. आणि फॉरमॅटनंतर याचाही उपयोग नसतो. हे रिस्टोअर पॉइंट सीमध्येच असतात, पुसताना तेही पुसले जातात. शिवाय विंडोज 10मध्ये ही सोय पुष्कळ यंत्रांवर मुळात बंदच असते, ती आपण चालू करायची.

यावर कडी म्हणजे 'रेगबॅक' नावाचा फोल्डर. त्यात रजिस्ट्रीच्या प्रती आपोआप जमा व्हायच्या. विंडोज 10च्या 2018 सालच्या 1803 आवृत्तीपासून जागा वाचवण्यासाठी हे बंद झालं. फोल्डर आहे, फाइलींची नावं आहेत, प्रत्येकीचा आकार शून्य. काम मात्र वेळच्या वेळी 'यशस्वी' नोंदवलं जातं. तलाठी कार्यालय अगदी हुबेहूब. ते पुन्हा सुरू करायचं असेल तर मायक्रोसॉफ्टनं मार्गही दिलाय. रजिस्ट्रीत एक नोंद घाला. म्हणजे रजिस्ट्रीची प्रत हवी असेल तर आधी रजिस्ट्रीत हात घाला, आणि रजिस्ट्रीत हात घालण्याआधी तिची प्रत काढा, असं तेच बजावतात.

हाताने प्रत काढणं सोपं आहे. 'रेजएडिट' उघडायचं, हवी ती शाखा निवडायची, एक्स्पोर्ट करायचं. साधा मजकूरच तयार होतो. पण ती फाइल परत घालताना एक गंमत लक्षात ठेवावी. जुन्या नोंदी ती परत आणते, मधल्या काळात नव्यानं घुसलेल्यांना हुसकत नाही. दोघंही सुखानं नांदतात आणि आपण का नांदत नाही ते शोधत बसतो. शाखेच्या नावाआधी एक उणे चिन्ह पडलं तर मात्र ती अख्खी शाखा मुळासकट जाते. एवढी जरब मी फक्त आमच्या शाळेच्या हेडमास्तरांच्या भुवईत पाहिली.

भाच्याला हे सगळं हास्यास्पद वाटतं. तो लिनक्सवाला. त्याच्याकडे यंत्राची वळणं 'ईटीसी' फोल्डरमध्ये आणि ठिपक्यानं सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींमध्ये, साध्या मजकुरात. तो त्या 'गिट'मध्ये ठेवतो, दर बदलाची तारखेवार नोंद करतो, नवं यंत्र तासाभरात जुन्यासारखं करून दाखवतो. त्या यंत्रावर नंतर तो काय काम करतो असं विचारलं तर म्हणतो, सेटिंग अजून थोडं बाकी आहे.

शेवटी काकांनीच बाजी मारली. दोनशे पानी वही आणली, समास आखला आणि एकेक वळण हाताने उतरवून काढलं. 'माऊस : काकूंसाठी उलटा. अक्षर : एकशे पंचवीस टक्के. तारीख : भारतीय, वाद नको.' खाली सही. ही वही कुठल्याही आवृत्तीवर चालते.

तेव्हा तुमच्याकडे माणूस यायचा असेल तर चहाचं आधण ठेवण्याआधी सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा, फॉन्टचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह कपाटात ठेवा. टेबलावर दिसला तर तोही फॉरमॅट मारून मिळेल.