दोन शब्द

‘शब्द अपुरे पडतात’ असं म्हणणारा वक्ता वीस मिनिटांच्या आत खाली बसलेला मी पाहिलेला नाही. म्हणून मामांच्या सहस्रचंद्रदर्शनाला भाषण लिहूनच नेलं. मामींनी चष्मा लावून ते तपासलं. ‘खडतर परिस्थितीतून वर आले’वर काट. ‘सासऱ्यांची किराणा मालाची दोन दुकानं होती,’ त्या म्हणाल्या. ‘हसतमुख’ हा शब्द त्यांनी न बोलताच खोडला.

उरला फक्त चंद्र. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी 29.53 दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना सुमारे 80 वर्षं 10 महिने. हा हिशेब मी माइकवरून सविस्तर मांडला. पुढच्या रांगेतून मामांचा आवाज आला, ‘त्यातल्या पावसाळ्यातल्या वजा कर!’ सगळा हॉल हसला. माझ्या पाच मिनिटांत कुणी हसलं नव्हतं.

सावरून म्हणालो, ‘मामा, शतायुषी व्हा!’

‘म्हणजे एकोणीसच वर्षं?’

तर साठी, पंचाहत्तरीच्या तमाम वक्त्यांना हात जोडून विनंती : ज्याचा वाढदिवस आहे त्याच्या हाती माइक द्या आणि पंगती वेळेवर बसवा. आमचा मसालेभात गार झाला होता.