लेटमार्क

तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. या पाच मिनिटांनी जितकी बारशी आणि साखरपुडे हुकवले असतील, तितके कशेडी घाटानेही हुकवले नसतील. तिकिटावर दहा तारीख असते. माणूस दहाच्या रात्री पोटभर जेवून, ट्रॉलीबॅग खडखडवत दादरला येतो, आणि त्याची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. आमच्या चाळीतले अण्णा नऊ वाजताच फलाटावर जाऊन बसतात ते यांच्यासाठी. "तुमची गाडी काल गेली. वेळेवर गेली हां," असं ते त्या माणसाला सांगतात. आवाजात सहानुभूती असते, पण 'वेळेवर' या शब्दाशी येताना जिभेवर कडू बदाम आल्यासारखा चेहरा होतो.

अण्णा लालबागचे. तसा हा नमुना ठाकूरद्वारच्या चाळीतही एक असतो आणि परळच्या बीआयटी चाळीतही. ओळखायची खूण सोपी आहे. "कुठे निघालात?" असं विचारलं तर हा माणूस गावाचं नाव सांगत नाही, गाडीचं सांगतो. "पॅसेंजरने चाललोय." गाव हे पॅसेंजरला कुठेतरी थांबावं लागतं म्हणून असतं.

एके काळी अण्णांसमोर उशीर हा शब्द काढायची कुणाची छाती नव्हती. ते गिरणीत टायमकीपर होते. सकाळी सातचा भोंगा वाजून गेला की गेटमधून आत येणाऱ्याकडे अण्णांनी नुसतं पाहिलं तरी त्याच्या घशाला कोरड पडायची. मस्टरवर लाल शाईने लेटमार्क. सख्ख्या मेव्हण्यालाही एकदा दिला होता. काकू ती गोष्ट अजून सणासुदीला काढतात. मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि भोंगा थांबला. पुढची काही वर्षं अण्णांनी काय काय केलं ते ते सांगत नाहीत, आणि लालबागमध्ये ते कुणी कुणाला विचारत नाही. एवढं मात्र खरं, की त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून ट्रंकेत टाकलं, आणि गिरणीतलं एक कोरं मस्टर घरी राहून गेलं होतं ते बाहेर काढलं. त्या मस्टरात ते आता गाड्यांची हजेरी लावतात. गाडीचं नाव, तारीख, किती उशीर. लाल शाई अजून तीच, पण हल्ली ती वेळेवर आलेल्या गाडीला लागते.

गेल्या मे महिन्यात मला अण्णांबरोबर कणकवलीला जायचा योग आला. मी तिकीट काढायला मोबाइल बाहेर काढला तेव्हा अण्णांनी तो हळूच खाली केला. "दिवा-सावंतवाडी. दिवसाउजेडी. अंधारात बघतलंस काय, कपाळ?" अण्णांची खरी लाडकी गाडी म्हणजे दादर-रत्नागिरी पॅसेंजर. करोनानंतर ती दादरऐवजी दिव्याहून सुटू लागली, तेव्हापासून अण्णा दादर स्टेशनचा उल्लेख "आपलं होतं ते दादर" असा करतात. त्यातच 2023 च्या डिसेंबरात मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून पुढचे नंबर मिळाले. अण्णांनी ते अद्याप मान्य केलेले नाहीत. त्यांना जो कुणी फलाट विचारेल तो गाडीला हमखास मुकतो.

पहाटे तीनला अण्णांनी दारावर थाप मारली. हातात फिरकीचा तांब्या, खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, लसणीची चटणी, सहा उकडलेली अंडी आणि चिवडा गल्लीतला दीड किलो चिवडा. "दीड किलो, अण्णा?" "क्रॉसिंगं कितकी पडतली ती काय सांगूक येता?"

हा क्रॉसिंग शब्द अण्णा ज्या तोंडाने उच्चारतात त्या तोंडाने आमच्या चाळीत फक्त 'पापलेट' उच्चारलं जातं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: कोकण रेल्वे बहुतेक सगळी एकेरी. समोरून गाडी यायची असेल, किंवा मागून एखादी मानाची एक्स्प्रेस येत असेल, तर पॅसेंजरला स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर घेतात आणि पाहुणी निघून जाईपर्यंत उभी करतात. इतर प्रवाशांना हा अपमान वाटतो. अण्णांना तो पाहुणचार वाटतो. 2021 मध्ये रोहा ते वीर मार्ग दुहेरी झाला तेव्हा कोकणात पेढे वाटले गेले असतील. अण्णा मात्र दोन दिवस गॅलरीत गप्प बसून होते. "सेहेचाळीस किलोमीटर," ते म्हणाले, "सेहेचाळीस किलोमीटरमदी एक क्रॉसिंग नाय." घरातलं कुणी गेल्यावर सांत्वनाला काय बोलावं हे आपल्याला सुचत नाही, तसं मला झालं.

रोह्यापर्यंत अण्णा तसे बेतानेच होते. कोलाड, माणगाव, वीर ही त्यांच्या लेखी उपनगरं. वीर सुटलं आणि ते सावरून बसले, पायांतल्या चपला काढल्या, मांडी घातली. "सापे वामने" असा फलक आला. अण्णा म्हणाले, "हा आमच्या गिरणीत क्लार्क शोभला असता." मग करंजाडी, मग विन्हेरे, आणि विन्हेऱ्याला गाडी उभी राहिली ती राहिलीच.

मी मुंबईचा माणूस. गाडी थांबली की माझा हात आपोआप मोबाइलकडे जातो. पाच मिनिटांनी मी उठून दारात गेलो, दहा मिनिटांनी फलाटावर उतरलो, पंधरा मिनिटांनी सिग्नलकडे रागाने पाहिलं. फलाटावर आंब्याच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं, त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मिटला. आत अण्णांनी वर्तमानपत्र पसरून भाकरी सोडली होती. समोरच्या बाकावरची, चिपळूणला निघालेली आजी करवंदांचा द्रोण पुढे करत होती. पलीकडच्या दोघांची कौटुंबिक भांडणं अण्णांनी तोवर निम्मी ऐकली होती आणि जमिनीच्या वाटणीत धाकट्याचं चुकतंय असा निकालही देऊन झाला होता.

"बस गप," अण्णा म्हणाले. "गाडी येतली. घाई कित्याक?"

ती आली. रो-रो होती. कोलाडहून लांब सपाट वाघिणींवर चढवलेले मालाचे ट्रक, ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर, आणि एक ड्रायव्हर तर पाय काचेला टेकवून चक्क घोरत होता. 1999 पासून हे ट्रक कोकण रेल्वेवर असे बसून जातात. अण्णांनी हातातला घास तसाच धरून सगळे ट्रक जाईपर्यंत पाहिलं. "बघितलंस? ट्रकसुद्धा गाडीत बसून जाता. आणि आमचो झील म्हणता, बाबा, तुम्ही वंदे भारतने जावा."

हा त्यांचा जिव्हाळ्याचा जुना वाद. मुलगा ऐरोलीला राहतो आणि वडिलांना मडगाव वंदे भारतचं तिकीट काढून द्यायला 2023 च्या जूनपासून, म्हणजे ती गाडी सुरू झाल्यापासून, तयार आहे. अण्णांचं म्हणणं असं की त्या गाडीच्या काचा उघडत नाहीत, आत थंडगार असतं, आणि थोड्या थोड्या वेळाने गणवेशातला कुणीतरी ट्रे घेऊन येतो. "आयसीयू वेगळा काय असता?"

इतिहासही त्यांच्या बाजूने आहे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. तीन इंजिनं, चौदा डबे, चारशेच्या आसपास माणसं, तोफांची सलामी. अण्णांचा सवाल असा, की या चारशे जणांचं ठाण्यात काम काय होतं? कुणाचंही काहीही नव्हतं. सगळे उगीच गेले, जेवले, परत आले. म्हणजे या देशातली पहिली रेल्वे ही निव्वळ उनाडकी होती. कामाला जाणारी माणसं त्यात नंतर घुसली आणि त्यांनी घाण केली. त्या गाडीला चौतीस किलोमीटरला तासाभराच्या आसपास लागला. आजची स्लो लोकलही ठाण्याला साधारण तेवढाच वेळ घेते. हे मी बोलून गेलो आणि अण्णांनी स्लो लोकलला पहिल्यांदाच आदराने हात जोडले.

अण्णांच्या वडिलांनी कधी रेल्वेने कोकण पाहिलं नाही. ते बोटीने जायचे. भाऊच्या धक्क्याहून निघायचं, आणि बंदर आलं की बोट समुद्रातच उभी, तिथून पडावात उड्या. "बाबांका बोट लागायची," अण्णा सांगतात, "किनाऱ्याक लागायच्या आधी."

करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. बोगद्यात गाडीचा असा काही गडगडाट होतो की बोलणं अशक्य. आत शिरताना अण्णा गिरणीतल्या एका जॉबरची गोष्ट सांगत होते. "तो माका म्हणालो..." इथे अंधार झाला. आम्ही सगळे गप्प. बाहेर उजेडात आल्याबरोबर अण्णा, जणू मधे काही झालंच नाही असे, "...की टायमकीपर, तुझा घड्याळ पुढे हा." रत्नागिरी गेल्यावर पानवलचा पूल आला, चौसष्ट मीटर उंच. तिथे मात्र त्यांनी गोष्टही थांबवली आणि चिवडाही. खाली दरीत एवढाली माडाची झाडं. पूल संपल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हा पूल त्यांनीच बांधलाय आणि मी अजून पैसे दिलेले नाहीत.

कणकवलीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मी रिक्षा शोधू लागलो. अण्णा एसटी स्टँडची वाट चालू लागले होते. वस्तीची गाडी साडेसहाला. म्हणजे आणखी दीड तास. अण्णांचा चेहरा फुलला. पंचाहत्तरी उलटलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटी फुकट आहे, आणि फुकट असली तरी कंडक्टर तिकीट देतो, शून्य रुपयांचं. अण्णा ते घडी घालून खिशात ठेवतात. घरी अशा तिकिटांची एक पेटी भरली आहे. मध्यंतरी त्याच जोरावर ते परळहून एसटीने पेणला गेले होते, गणपतीच्या मूर्ती घडताना बघायला. लालबागचा माणूस! काकूंनी हे ऐकून कपाळावर हात मारला होता, आणि मग त्यांनाही अर्ध्या तिकिटात जाता येतं हे कळल्यावर पुढच्या खेपेला त्याही गेल्या.

एसटी वळणावळणाने निघाली. प्रत्येक पारावर कुणाचं पार्सल, कुणाची औषधं, कुणाचा निरोप. एका वाडीत ड्रायव्हर उतरून फणस घेऊन आला. अंधारात शेवटी अण्णांचं गाव आलं. भाऊ बॅटरी घेऊन उभा होता. अण्णा उतरले आणि मी पाहिलं, दिवसभर उजळलेला त्यांचा चेहरा एकदम साधा झाला. शाळा सुटल्यावर मुलं धावतात, हे उलटं होतं. ओटीवर पाय धुता धुता त्यांनी भावाला पहिला प्रश्न विचारला, "परतीची पॅसेंजर सावंतवाडीसून किती वाजता सुटता रे आता?"

आम्ही पाच दिवस राहिलो. त्यांतले तीन अण्णांनी परतीची पिशवी भरण्यात घालवले: कोकमं, उकडे तांदूळ, खाजं. येताना गाडी दोन तास चाळीस मिनिटं लेट झाली आणि दिव्याहून शेवटची लोकल मिळते की नाही अशी पाळी आली. मी घामाघूम. अण्णा खाजं खात होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे चहाला गेलो तेव्हा मस्टर उघडंच होतं. पॅसेंजरच्या नावापुढे निळ्या शाईत, सुबक अक्षरात, '2 तास 40 मि.' आणि एक टिकमार्क. त्याखालच्या ओळीत माझं नाव होतं. लाल शाईत. शेरा: 'विन्हेऱ्यास तीन वेळा घड्याळ पाहिले.'