मूड, मनःस्थिती आणि साडेचारचा चहा

भावना आणि मनःस्थिती यांत मानसशास्त्र फरक करते: भावनेला सहसा नेमके निमित्त असते आणि ती लवकर ओसरते, तर मनःस्थिती, म्हणजे व्यवहारात ज्याला 'मूड' म्हणतात ती, निमित्त विसरल्यावरही दिवसभर रेंगाळते. प्रस्तुत लेखकाच्या पहूर गावात या वर्गीकरणाला एक सामाजिक पुरवणी जोडावी लागते, कारण तेथे कर्त्या पुरुषाचा जातो तो मूड, त्याच्या बायकोची होते ती चिडचिड, मुलाला चढतो तो माज आणि म्हाताऱ्या आईचा असतो तो हट्ट; लक्षणे मात्र चौघांचीही तीच असतात.

प्रस्तुत लेखकाची दीर्घकाळ अशी धारणा होती की, अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी वाघूर नदी जशी चैत्रात आटते आणि पावसाळ्यात दुथडी वाहते, तसेच त्याच्या मूडचे चढउतार हे प्रतिभेचे ऋतुमान असून घराने ते आदरपूर्वक सोसावे. पुढे मानसोपचारात सुचवली जाणारी मनःस्थितीची नोंदवही, म्हणजे झोप, जेवण, प्रसंग आणि मूड यांची रोजची टिपणे, त्याने मोठ्या ऐटीत महिनाभर ठेवली. तीतून निष्पन्न झाले ते एवढेच की, मे महिन्यातील उकाड्याने झोप मोडलेल्या दिवशी प्रतिभा दुपारी साडेचारला खचत असे आणि चहा मिळताच सावरत असे.

येथे विषयांतराचा दोष पत्करूनही 'पीजे'चा उल्लेख अटळ ठरतो. पाचोरा ते जामनेर या सुमारे 56 किलोमीटरच्या, रुळांमध्ये जेमतेम अडीच फूट अंतर असलेल्या मार्गावरची ही नॅरोगेज गाडी शेंदुर्णी, पहूर करत 2020 पर्यंत धावत होती. 'धावत' हे क्रियापद केवळ व्याकरणाच्या सोयीसाठी वापरले आहे. तिच्या संथपणाने बाहेरगावचा पाहुणा घड्याळ पाहून कासावीस होई, तर शेजारी बसलेला गावकरी शेंगा सोलत राही. गाडी एकच, वेग एकच, आणि मूड मात्र दोन. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे सारही हेच आहे: प्रसंगापेक्षा 'असे व्हायलाच हवे' हा आपला हट्टाग्रह माणसाला अधिक अस्वस्थ करतो. हे तत्त्व प्रस्तुत लेखक पाहुण्यांना उत्साहाने समजावून सांगतो, आणि त्यानंतर भाकरी दहा मिनिटे उशिरा आली की ताटावरून उठतो.

महिनाभर ठेवलेल्या त्या नोंदवहीतील खरी उणीव मात्र उशिरा लक्षात आली. तीत घरातील दुसऱ्या कोणासाठीही रकाना नव्हता. चहा साडेचारच्या आधी ठेवायचा, कोणती बातमी जेवणानंतर सांगायची, हे सारे वही न लिहिता ज्या बायकोने जाणले होते, तिचीही झोप त्याच उकाड्यात मोडली होती. शिवाय पाळीपूर्वी, बाळंतपणानंतर आणि रजोनिवृत्तीच्या काळात संप्रेरके, म्हणजे शरीरातील रासायनिक निरोपे, बदलल्यानेही मनःस्थिती हेलकावते; परंतु मूड जाण्यासाठी लागणारी फुरसत त्या घरात एकाच व्यक्तीच्या वाट्याला आली होती.

प्रत्येक चढउतार चहाने सावरत नाही, हेही नोंदवले पाहिजे. दोन आठवडे टिकणारी उदासी, किंवा झोपेविनाही आठवडाभर उसळणारा उत्साह, बेफाम खर्च आणि अफाट योजना ही आजाराची चिन्हे असू शकतात, त्यावर उपचार आहेत, आणि 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक 2022 पासून चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. उरलेल्यांनी निदान एवढे करावे: घरातील कोणाच्या वागण्याला 'चिडचिड' म्हणण्यापूर्वी तिची रात्री झोप किती झाली, हे विचारावे, आणि साडेचारचा चहा एखादे दिवशी स्वतः ठेवावा.