कलमकाकू

कलमकाकूंच्या पर्समध्ये लिपस्टिक, आरसा, अत्तर यांतलं काही नसतं. एक छोटा सिकेटर असतो, ओल्या टिश्यूची गुंडाळी असते, रबरबँड, झिपच्या पिशव्या, बियांसाठी औषधांच्या रिकाम्या डब्या आणि पेन्सिलीचा तुकडा असतो. सगळ्यात वर, कोणी डोकावलंच तर दिसावा म्हणून, इस्त्रीचा हातरुमाल.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर गावागणिक एक गार्डन क्लब असतो आणि क्लबागणिक एक कलमकाकू. आमच्या हॅम्पशरमधल्या क्लबातल्या बाईंना हे नाव आमच्या हिनं ठेवलं. वय सत्तरीच्या पलीकडे. खुब्याचा एक सांधा नवा, दुसऱ्याची तारीख मिळालेली. एरवी खुर्चीतून उठायचं तर दोघांनी हात द्यावा लागतो, पण हवं ते झाड दिसलं की बाई वाकतात कधी आणि सरळ होतात कधी, हे पाहणाऱ्याला कळत नाही. देवळात चप्पल काढून ठेवावी इतक्या सहजपणे बागेच्या फाटकाशी त्या आपली संधिवाताची तक्रार काढून ठेवतात.

आमचा क्लब वसंतात बस करून आईल ऑफ वाइटच्या बागा पाहायला जातो. पोर्ट्समथहून बससकट फेरीबोटीत चढायचं, पाऊण तासात सोलंटची खाडी ओलांडून फिशबर्नला उतरायचं. बसमधली डावीकडची पहिली सीट कलमकाकूंची. तसं कुठं लिहिलेलं नाही. इंग्लंडला लिखित राज्यघटनाही नाही, तरी चालतंच ना. एकदा एका नव्या सभासदानं भाबडेपणानं तिथं बूड टेकलं. काकू काहीच बोलल्या नाहीत. फक्त शेजारी उभ्या राहून "आज हवा छान आहे" म्हणाल्या. तो बिचारा मागच्या रांगेत जाऊन बसला, आणि फेरीबोट येईपर्यंत तिथूनच माफी मागत होता.

बोटीवर सगळे वर जाऊन चहा घेतात, समुद्र पाहतात. काकूंना समुद्रात रस नाही. त्यात काही लावता येत नाही.

पहिला मुक्काम व्हेंटनरच्या बोटॅनिक गार्डनचा. बेटाच्या दक्षिण टोकाला, उत्तरेचे वारे अडवणाऱ्या खडूच्या डोंगराच्या कुशीत ही जागा आहे. इथं पूर्वी क्षयरोग्यांचं मोठं रुग्णालय होतं. उबदार हवा आणि समुद्राचा वारा हेच तेव्हाचं औषध. पुढं खरी औषधं आली, रोगी घटले, १९६४ मध्ये रुग्णालय बंद पडलं, इमारत पाडली गेली. १९७० मध्ये हॅम्पशरचे नामांकित नर्सरीवाले सर हॅरोल्ड हिलियर यांच्या मदतीनं तिथं बाग उभी राहिली. माणसांना मानवलेली हवा झाडांनाही मानवली. बाकीच्या इंग्लंडात काचघराबाहेर पाऊल न टाकणारी झाडं इथं उघड्यावर उभी असतात.

त्यातलं काकूंचं लाडकं म्हणजे एकियम पिनिनाना. मूळचं कॅनरी बेटांचं. एक-दोन वर्षं नुसती पानं काढतं, मग एकदम दोन पुरुष उंचीचा निळ्या फुलांचा सुळका उभा करतं, हजारो बिया सांडतं आणि मरून जातं. आम्ही एप्रिलच्या अखेरीस गेलो तेव्हा सुळके नुकते वर निघत होते.

"पुढच्या महिन्यात यायला हवं होतं," काकू म्हणाल्या.

हे वाक्य त्या प्रत्येक बागेत म्हणतात. त्याचं दुसरं रूप "मागच्या आठवड्यात यायला हवं होतं" असं आहे आणि ते मॅग्नोलियासमोर म्हणायचं असतं. बाग आज, आत्ता, या क्षणी उत्तम दिसते आहे, असं कबूल करणारा माणूस क्लबात कच्चा समजला जातो. बाग नेहमी आपण नसताना फुलते. आपण येणार म्हटल्यावर तिच्यावर दंव पडतं, गारा पडतात, नाहीतर माळी तरी रजेवर जातो.

एकियमच्या बिया वाऱ्यानं वाटेवरच्या खडीत पडतात आणि तिथं रोपं गवतासारखी उगवतात. काकू खाली वाकल्या. मी इकडंतिकडं पाहिलं.

"तण काढतेय," त्या म्हणाल्या. "माळी कमी आहेत रे बिचाऱ्यांकडे. हातभार लावायला नको?"

तेवढ्या पाच मिनिटांत बागेची बरीच सेवा झाली. पर्स फुगली.

पुढं ताडासारख्या झाडांचा एक घोळका होता. चिनी ताड, ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय. काकूंनी पाटीवरच्या नावाकडं बोट केलं. "हा रॉबर्ट फॉर्च्यून. ठाऊक आहे ना? चिनी माणसाचा वेश करून चीनमध्ये हिंडला आणि ईस्ट इंडिया कंपनीसाठी चहाची रोपं तुमच्या हिमालयात पळवून नेली. त्याचं नाव झाडाला दिलं. मी दोन रोपटी उचलली तर तू असा बघतोस!"

यावर काय बोलणार? समोर चहाचं दुकान होतं आणि आमच्या क्लबातले सगळे कायदेभीरू सभासद तिथं रांगेत उभे होते.

मी हिंदुस्थानी, म्हणून उष्ण हवेच्या प्रत्येक झाडाचा मी जाणकार, असा काकूंचा पक्का समज आहे. त्यांच्या परसात केळीचं एक झाड आहे. ऑक्टोबर आला की त्याला पेंढा आणि वर जाड कापड गुंडाळतात, आणि हिवाळाभर ते झाड अंगणात स्ट्रेचरवरच्या पेशंटसारखं दिसतं. "तुमच्याकडं थंडीत केळीला काय गुंडाळतात?" असं त्यांनी मला विचारलं होतं. आमच्याकडं केळीच्याच पानात बाकीचं सगळं गुंडाळतात, हे सांगून मी त्यांना दुखावलं नाही.

ही मात्र तितकी सांभाळून बोलत नाही. आपल्याकडं मनीप्लँट चोरूनच लावायचा असतो, विकतचा लाभत नाही, हे हिनं बसमध्ये सहज सांगितलं. काकूंचा चेहरा उजळला. चोरलेली फांदी हमखास लागते, असं त्यांची आजीही म्हणायची. "बघा," त्या सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाच हजार वर्षांची संस्कृती आहे त्यांची, आणि तीही हेच सांगते!" तेव्हापासून आमच्या संस्कृतीचा हा हवाला प्रत्येक सहलीत निघतो.

दुपारी एका खासगी बागेत चहा होता. इंग्लंडात नॅशनल गार्डन स्कीम नावाची एक गोड योजना आहे. १९२७ मध्ये गावोगावच्या परिचारिकांच्या मदतीसाठी ती सुरू झाली. माणशी एक शिलिंग घेऊन पहिल्याच वर्षी सहाशेवर बागा लोकांसाठी उघडल्या. आजही योजनेच्या पिवळ्या पुस्तकात नाव छापून आलेले मालक ठरलेल्या दिवशी फाटक उघडतात, पैसे परिचारिकांच्या संस्थांना देतात आणि आलेल्यांना केक खाऊ घालतात. लोक बागेसाठी आलो म्हणतात. केक संपला की बागेतली गर्दी ओसरते, यावरून काय ते समजावं.

इथल्या मालकीणबाई म्हणजे दुसऱ्या गावच्या कलमकाकूच. दोघींनी एकमेकींना पाहताक्षणी ओळखलं. मालकीणबाईंची नजर पर्सवर, काकूंची वाफ्यावर.

"किती धाडसी रंग निवडलेत!" काकू म्हणाल्या. इंग्रजी सभ्यतेत यापुढची शिवी नाही.

"तुमच्याकडची माती हलकी असेल, नाही? बऱ्याच गोष्टी जगत नसतील," मालकीणबाई मायेनं म्हणाल्या.

मग वाफ्यातल्या गुलाबी बदामासारख्या लोंबत्या फुलांकडं बोट करून मालकीणबाईंनी नाव सांगितलं, "डायसेंट्रा." काकूंना हेच हवं होतं. "हल्ली लॅम्प्रोकॅप्नॉस म्हणतात," त्या हळूच म्हणाल्या. शास्त्रज्ञ मंडळी मधूनमधून झाडांची जुनी नावं रद्द करतात. रोजमेरीलाही त्यांनी साल्व्हियाच्या घरात दत्तक देऊन टाकलंय. सामान्य माणसाला याचा ताप होतो, पण कलमकाकूंना त्यातून दारूगोळा मिळतो. मालकीणबाई केक कापायला आत गेल्या. त्या परत येईपर्यंत लॅम्प्रोकॅप्नॉसशेजारच्या एका झुडपाची छाटणी झाली होती.

रात्री हॉटेलात काकूंच्या खोलीत ज्या बाई राहतात, त्या पुढच्या वर्षी खोली बदलून मागतात. बेसिनमध्ये फांद्या, टूथब्रशच्या ग्लासात फांद्या, आणि आंघोळीच्या टबात कुंडीसकट विकत घेतलेली झाडं. हो, काकू झाडं विकतही घेतात, भरपूर घेतात. पैसे वाचवणं हा उद्देश नाहीच. नर्सरीतलं झाड नुसतं झाड असतं. उचललेल्या फांदीला गोष्ट असते.

सहलीचा कळस म्हणजे ऑस्बोर्न. व्हिक्टोरिया राणी आणि अल्बर्ट यांनी १८४५ मध्ये घेतलेली ही इस्टेट. अल्बर्टला इथला समुद्र पाहून नेपल्सची आठवण यायची, म्हणून वाडाही इटालियन घाटाचा. बागेत प्रत्येक राजपुत्र-राजकन्येला स्वतःचा वाफा आणि नावाची अक्षरं असलेली अवजारं होती. मुलांनी पिकवलेली भाजी अल्बर्ट बाजारभावानं विकत घ्यायचा. "हा एकटा माणूस त्या घराण्यात शहाणा," असा काकूंचा निकाल आहे.

वाड्यात एक दरबार हॉल आहे. १८९० च्या सुमाराला लाहोरचे भाई राम सिंग आणि लॉकवुड किपलिंग यांनी तो सजवला. हे किपलिंग त्याआधी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवत होते. त्यांचा मुलगा, लेखक रुडयार्ड, जन्मला तो तिथल्याच आवारात. "तू यांना सगळं नीट समजावून सांग," काकूंनी मला फर्मावलं. "तुमच्याकडचंच आहे. घाई करू नकोस." मी चुलीवरच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत फायरप्लेसवरच्या, प्लास्टरच्या मोरावर बोलू लागलो. राखणदार बाईही ऐकायला पुढं सरकल्या. मोराचा पिसारा संपून मी मुंबईकडं वळलो तेव्हा लक्षात आलं, की काकू आमच्यात नाहीत. त्या खाली गच्चीवर होत्या, मर्टलच्या झुडपापाशी.

हे मर्टल साधंसुधं नाही. अल्बर्टच्या आजीनं जर्मनीतल्या गोथाहून दिलेल्या फुलांच्या गुच्छात त्याची डहाळी होती. ती इथं लावली. १८५८ मध्ये थोरल्या राजकन्येच्या लग्नात तिच्या हातातल्या गुच्छात या झाडाची फांदी होती, आणि २०११ मध्ये राजघराण्याची सून झालेल्या केटच्या गुच्छातही ऑस्बोर्नचंच मर्टल होतं.

बसमध्ये मी काकूंना म्हटलं, "अहो, मर्टल कुठल्याही नर्सरीत मिळतं. शिवाय त्याचं कलम करायचं उन्हाळ्याच्या अखेरीस, एप्रिलमध्ये नव्हे."

"ठाऊक आहे. पण क्लबची बस एप्रिलमध्येच येते." पर्स मांडीवर घट्ट धरून त्या पुढं म्हणाल्या, "आणि राणीनं गुच्छातली फांदी जमिनीत खोचली तर ती परंपरा. मी खोचली तर चोरी होय?"

परतीच्या बोटीत ड्रायव्हरनं डोकी मोजली. झाडं मोजायचं त्यानं कधीच सोडून दिलंय. सीटखाली कुंड्या, मांडीवर कुंड्या, पाय ठेवायला जागा नाही. आणि जिथं बघावं तिथं काकू कुणाला तरी काहीतरी काढून देत होत्या. कारण त्यांच्या चोरीला एक विचित्र सवय आहे: ती त्यांच्याजवळ टिकत नाही. एका फांदीची त्या सहा रोपं करतात आणि पाच वाटून टाकतात. गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की दारात कुंडी. क्लबातल्या एका आजोबांची बायको गेली तेव्हा बाकीच्यांनी कार्डं पाठवली. काकू हेलेबोरचं रोप घेऊन गेल्या, खड्डा त्यांनाच खणायला लावला आणि रोज पाणी घातलं का म्हणून फोन करत राहिल्या. आमच्या परसातलं निम्मं अधिक त्यांच्याच कृपेनं आहे. बोटॅनिक गार्डनांच्या संचालकांनी चौकशीला यावं, अशा योग्यतेचा ऐवज आहे तो.

जूनमध्ये काकूंची स्वतःची बाग पिवळ्या पुस्तकात लागते. त्या दिवशी फाटकावर पाटी असते: मोठ्या पिशव्या आत नेऊ नयेत. छत्र्याही बाहेर ठेवायच्या, कारण मिटलेल्या छत्रीत काय काय मावतं हे काकूंइतकं कोणाला ठाऊक असणार? यंदा केकच्या टेबलावर मी होतो. एक हसऱ्या बाई एकियमपाशी जरा जास्तच वेळ बुटाची नाडी बांधत होत्या. काकू नव्या खुब्यासकट वाऱ्यासारख्या तिथं पोचल्या आणि आज हवा किती छान आहे ते म्हणाल्या. बाई गेल्या. काकू थरथरत माझ्याकडं आल्या.

"पाहिलंस? मागितलं असतं तर मी दिलं नसतं का?"

"नक्की दिलं असतंत," मी म्हटलं. "पण मग तुम्हीही का मागत नाही?"

काकूंनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की इतकी वर्षं या देशात राहून हा काहीच कसा शिकला नाही.

"मागितलं, की समोरच्याला 'नाही' म्हणावं लागतं, डिअर. सभ्य माणसावर तशी वेळ आणू नये."